बोएदोला परत

2025 च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले, त्या आठवड्यात माझा भाचा बेळगावला आमच्याकडे आला होता. टीव्हीवर रोमच्या बातम्या चालू होत्या. हा पोरगा फुटबॉलवेडा. जेवता जेवता म्हणाला, "मावशी, ह्यांचा क्लबाचा मेंबर नंबर माहीत आहे का तुला? 88235. वारले तेव्हा वय 88, आणि त्यांच्या गावच्या घड्याळात 2 वाजून 35 मिनिटं झाली होती."

मी म्हटलं, "योगायोग रे."

"योगायोगच. पण बघ की!" आणि मग भाताचा घास कालवत सहज बोलून गेला, "ह्यांच्या क्लबाचं मैदान विकलं होतं. तिथं मोठा बाजार झाला. लोकांनी ती जागा परत घेतली."

वाढता वाढता माझा हात थांबला. विकलेली जागा परत घेतली, हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी ऐकलेलं नाही. माझ्या आईच्या माहेरचा वाडा मामालोकांनी कर्जापायी विकला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आज तिथे दुकानांचा कॉम्प्लेक्स आहे. पण सोपा कुठे होता, आड कुठे होता, माडीच्या जिन्याची कितवी पायरी करकरायची, हे मला पाठ आहे. आई शेवटपर्यंत "आमच्या सोप्यात" असंच म्हणायची. विकल्यावरही "आमच्या". त्यामुळे परत घेतली म्हणजे नेमकं काय केलं, हे मला जाणून घ्यायचं होतं. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करते. कोल्हापूरच्या पेठांत तालमींचे संघ आहेत, सामन्याच्या दिवशी घरात भाजी करपली तरी कुणाचं लक्ष नसतं, एवढंच माझं ज्ञान. बाकीचं मी वाचून काढलं.

क्लबाचं नाव सान लोरेन्सो दे अल्माग्रो. गाव ब्वेनोस आयरेस, अर्जेंटिनाची राजधानी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्माग्रो भागातली मुलं रस्त्यावरच चेंडू खेळायची आणि रस्त्यातून ट्राम जायची. एकदा एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला. जवळच्या प्रार्थनामंदिरातले पाद्री लोरेन्सो मास्सा यांनी ते पाहिलं आणि मुलांना सांगितलं, आमच्या अंगणात खेळा, अट एकच, रविवारी प्रार्थनेला यायचं. त्या अंगणात 1 एप्रिल 1908 ला क्लब स्थापन झाला. मुलांना क्लबाला पाद्रीबाबांचंच नाव द्यायचं होतं. ते नको म्हणाले. मग संत लोरेन्सो आणि 1813 ची सान लोरेन्सोची लढाई, या दोघांचा मान म्हणून नाव ठरलं. मुलांच्या मनात कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतंच! पाद्री काळा झगा घालत, म्हणून या क्लबाच्या माणसांना आजही 'कावळे' म्हणतात, आणि तेही स्वतःला अभिमानाने कावळेच म्हणवतात.

पुढे क्लबाने शेजारच्या बोएदो भागात, ला प्लाता नावाच्या हमरस्त्यावर जागा घेतली. 7 मे 1916 ला तिथे पहिला सामना झाला. हळूहळू चारी बाजूंनी लाकडी पायऱ्यांचे सज्जे उभे राहिले. बाहेरून ते शहरातल्या गॅस साठवायच्या अवाढव्य टाक्यांसारखे दिसत, म्हणून लोकांनी मैदानाला 'गासोमेत्रो' म्हणायला सुरुवात केली. देशातलं सगळ्यात मोठं मैदान म्हणून ते कित्येक वर्षं गाजलं. 1929 ची दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धाही तिथे झाली. सगळं लाकूड. गोल झाला की हजारो पाय त्या फळ्यांवर आपटत. सिमेंटच्या मैदानाला तो आवाज कुठून येणार!

बोएदो म्हणजे कामगारांची, छोट्या दुकानदारांची, लेखक-छापखानेवाल्यांची वस्ती. ओमेरो मान्सीने 1948 मध्ये 'सुर' हा टँगो लिहिला, त्यात बोएदोच्या एका चौकाचं नाव आहे. आपल्याकडे क्लब म्हटलं की पत्ते खेळणारे पुरुष डोळ्यापुढे येतात. तिथला क्लब म्हणजे मोहल्ल्याचं दुसरं घर. पोहण्याचा तलाव, टेनिस, बास्केटबॉल आणि कार्निव्हलच्या दिवसांत नाच. त्या नाचाला सगळी वस्ती लोटायची, बाया-पोरी नटून जायच्या. फुटबॉल हा त्या घरातला सर्वांत मोठा सण, पण चूल रोजची. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण मैदान गेलं तेव्हा फक्त रविवारचा सामना गेला नाही. मंगळवारी पोहायला जाणारी मुलगीही उघड्यावर आली.

पोप फ्रान्सिस, म्हणजे तेव्हाचा छोटा होर्खे बेर्गोलियो, आईवडिलांबरोबर या लाकडी सज्ज्यांवर बसायचा. वडील याच क्लबात बास्केटबॉल खेळत. 1946 साली क्लबाने देशाचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा होर्खे नऊ वर्षांचा होता. त्या संघातले फार्रो, पोन्तोनी, मार्तिनो ही तीन नावं तो म्हातारपणीही घेत असे. त्याच हिवाळ्यात हा संघ स्पेन-पोर्तुगालच्या दौऱ्यावर गेला आणि तिथल्या लोकांना तोंडात बोट घालायला लावून आला. 1968 मध्ये तर एक सामना न हरता सान लोरेन्सोने विजेतेपद मिळवलं. असं सगळं भरभराटीचं.

मग घर बुडतं तसंच ते बुडालं.

क्लब कर्जात होता. कारभार नीट नव्हता, हे त्यांचेच लोक कबूल करतात, आणि ते कबूल करतात म्हणून मला त्यांच्या पुढच्या बोलण्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण कर्ज तर पुष्कळांना असतं. 24 मार्च 1976 ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. ब्वेनोस आयरेसवर ओस्वाल्दो काच्चातोरे नावाचा हवाई दलातला अधिकारी नगरप्रमुख म्हणून बसवला गेला. शहरातल्या झोपडपट्ट्या उठवणं आणि घरं पाडून उन्नत महामार्ग काढणं, हे त्याच्या कारकिर्दीचं मुख्य काम. बोएदोतल्या त्या जागेतून रस्ते काढायचे आहेत, तिथे घरं बांधायची आहेत, असं क्लबाला सांगण्यात आलं. बंदूक समोर दिसत नव्हती, पण त्या वर्षांत ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं रात्रीतून नाहीशी होत होती. 1977 पासून नाहीशा झालेल्यांच्या आया दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लासा दे मायो चौकात फेऱ्या घालत होत्या. पोटचा मुलगा कुठे आहे हे विचारणं जिथे गुन्हा होता, तिथे खेळाच्या मैदानासाठी कोण रस्त्यावर येणार?

2 डिसेंबर 1979. शेवटचा सामना, समोर बोका ज्युनियर्स. सान लोरेन्सोला पेनल्टी मिळाली. उगो कोस्सियाने मारली, आणि बोकाचा गोलरक्षक उगो गात्तीने अडवली. 0-0. शेवटचा गोलही नशिबात नव्हता. तो शेवटचा सामना आहे हे त्या दिवशी पायऱ्यांवर बसलेल्या पुष्कळांना ठाऊकही नव्हतं, असं मी वाचलं. माझी आजी वाड्यातून शेवटची निघाली तेव्हा तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. यात्रेला म्हणून गेली ती.

त्यानंतर व्यवहार झाला, फळ्या निघाल्या. रस्ते निघाले नाहीत. घरं झाली नाहीत. जमीन क्लबाने ज्या किमतीला दिली, त्याच्या कितीतरी पट किमतीला पुढे कारफूर या फ्रेंच कंपनीच्या हाती गेली, आणि 1985 मध्ये तिथे भलंमोठं सुपरमार्केट उघडलं. आपल्याकडच्या डी-मार्टसारखं. ज्या जागेवर फार्रो-पोन्तोनी-मार्तिनो धावले, तिथे साबण आणि तेलाच्या बाटल्या. बोएदोतल्या बायकांचं काय झालं असेल, मी विचार करते. घरात शपथ घातलेली असणार, त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. आणि महिनाअखेरीला साखर तिथे दोन पैसे स्वस्त! कितीजणी गुपचूप गेल्या असतील आणि पिशवी पदराआड, नाही, कोटाआड धरून परतल्या असतील, हे कुठल्या इतिहासात लिहिलेलं नाही.

क्लब भाडेकरू झाला. आज फेरोच्या मैदानावर, उद्या वेलेसच्या, परवा अटलांटाच्या. पुढे तर ज्या उराकान क्लबाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर, त्यांच्या मैदानावरही भाडं भरून खेळायची वेळ आली. भाड्याच्या घरात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. खिळा ठोकायचा तरी विचारून ठोकायचा. 15 ऑगस्ट 1981 ला अर्खेन्तिनोस ज्युनियर्सकडून 0-1 हरून सान लोरेन्सो दुसऱ्या श्रेणीत घसरला. नुसती बरोबरी पुरली असती, आणि त्याही दिवशी एक पेनल्टी हुकली. देशातल्या पाच मोठ्या क्लबांपैकी असा घसरलेला हा पहिलाच.

इथून गोष्ट वेगळी वळते. 1982 मध्ये हा बेघर, खालच्या श्रेणीतला संघ जिथे जाई तिथे लोक एवढे लोटले की पहिल्या श्रेणीच्या सामन्यांना नव्हती एवढी गर्दी याच्या सामन्यांना होऊ लागली. त्याच वर्षी तो पहिला येऊन वर चढला. घर गेलं, पण घरची माणसं पांगली नाहीत. आमच्या मामांकडे उलटं झालं. वाडा गेला आणि तीन भाऊ तीन गावांना गेले. पुढे कार्याखेरीज भेट नाही.

16 डिसेंबर 1993 ला, बरोबर चौदा वर्षं भाड्याने काढल्यावर, बाखो फ्लोरेस भागात क्लबाचं स्वतःचं नवं मैदान सुरू झालं. लोकांनी त्याला 'नवा गासोमेत्रो' म्हटलं. 1995 मध्ये अजिंक्यपदही आलं, एकवीस वर्षांनी. तुम्ही म्हणाल, मग झालं की! स्वतःचं घर झालं, लक्ष्मी आली, आता काय? जुनं बोएदो तर काही कोसांवरही नाही, त्याच शहरात आहे.

पण माणसं तशी विचार करत नाहीत. नव्या मैदानावर बसून ती गाणी म्हणत राहिली की आम्ही बोएदोला परत जाणार. सगळे हसायचे. विरोधी क्लबवाले तर चिडवायला 'सुपरमार्केटवाले' म्हणायचे. मात्र 2000 नंतरच्या वर्षांत चाहत्यांमधल्या काहीजणांनी हे गाण्यातून काढून कागदावर आणलं. चाहत्यांची एक उपसमिती झाली. त्यांनी जुने कागद शोधले, विक्री कशी झाली, कुणी कुणाला काय आश्वासन दिलं, त्यातलं काय पाळलं गेलं नाही, याची जंत्री केली. युक्तिवाद साधा होता. हुकूमशाहीने दबावाखाली लोकांकडून जे काढून घेतलं, ते लोकशाहीने परत करावं. नाहीशी झालेली माणसं परत येणार नाहीत. जमीन जागेवरच आहे.

मला वाटतं, या सगळ्या हकिकतीत हीच माणसं मोठी. गोल मारणारे नव्हेत. आठवण काढून रडणारे आपण सगळेच असतो. आठवणीची फाईल करून ती नगरसभेच्या टेबलावर ठेवणारे थोडे. आमच्या घरात वाड्याबद्दल एवढं बोललं गेलं, पण खरेदीखत कुणी कधी काढून पाहिलं का? नाही.

2010 पासून विधेयक, सभा, मोर्चे. 8 मार्च 2012 ला प्लासा दे मायो चौकात लाखभर माणसं जमली. होय, तोच चौक, आणि तारीखही महिला दिनाची. ती बहुधा योगायोगाने आली असेल, पण पांढऱ्या रुमालांच्या आयांनी जिथे पायवाट पाडली, तिथे फुटबॉलच्या मैदानासाठी लोक निर्धास्त उभे राहिले, हे मला फार बोलकं वाटतं. त्या गर्दीचे फोटो भाच्याने मला दाखवले. लाल-निळे सदरे, आज्या, कडेवरची पोरं. आणि बहुतेक चेहरे तरुण. हिशोब केलात तर लक्षात येईल, त्या दिवशी ज्याचं वय बत्तिशीच्या आत होतं, त्याने जुना गासोमेत्रो पाहिलेलाच नव्हता. पाहणं शक्यच नव्हतं. त्यांना तो जेवणाच्या टेबलावर मिळाला होता, आजोबांकडून आणि आजीकडून, फळ्यांच्या आवाजासकट. जसा मला आड मिळाला.

15 नोव्हेंबर 2012 ला ब्वेनोस आयरेसच्या विधिमंडळाने 'ऐतिहासिक परतफेडी'चा कायदा संमत केला. त्यात फुकट काही नव्हतं. कंपनी आणि क्लब यांनी ठरलेल्या मुदतीत आपसांत व्यवहार करावा, नाहीतर शहर जमीन संपादित करील, आणि पैसे मात्र क्लबाने भरायचे. एकदा फसवून नेलेली वस्तू परत मिळवायची तर पुन्हा दाम मोजायचे! यात न्याय किती, हा प्रश्न मला अजून सुटत नाही. पण लोकांनी वाद घातला नाही, पावत्या फाडल्या. जमिनीचा एकेक चौरस मीटर विकत घेऊन तो क्लबाला द्यायचा, अशी योजना निघाली. आपल्याकडे मंदिराच्या जीर्णोद्धाराला चौरस फुटाप्रमाणे देणगी घेतात, आणि आई-वडिलांच्या स्मरणार्थ लोक देतात, तसंच. ज्याला एक मीटर झेपत नव्हता, त्याने दोस्तांमध्ये वर्गणी करून घेतला.

2013 च्या मार्चमध्ये होर्खे बेर्गोलियो पोप झाला. 2008 मध्ये, क्लबाच्या शताब्दीच्या वर्षी, त्याला तो 88235 नंबर मिळाला होता. 2014 च्या ऑगस्टमध्ये सान लोरेन्सोने दक्षिण अमेरिका खंडाचं विजेतेपद, कोपा लिबेर्तादोरेस, पहिल्यांदा जिंकलं आणि खेळाडू कप घेऊन थेट व्हॅटिकनला गेले. जगभर फोटो छापून आले, क्लबाचं नाव झालं. पण बोएदोचे हप्ते पोपने भरले नाहीत, ते शिक्षक, रिक्षावाले, म्हणजे तिकडचे टॅक्सीवाले, आणि पेन्शनीतल्या आज्यांनी भरले, हे विसरून चालणार नाही. मोठ्या माणसाचं नाव कथेत आलं की बारकी माणसं झाकली जातात. आपल्या घराण्यांच्या इतिहासातही हेच होतं.

2019 मध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये सान लोरेन्सोने पंधरा बायकांशी पगारी खेळाडू म्हणून करार केले. अर्जेंटिनात महिला फुटबॉलपटूंना असा करार पहिल्यांदाच मिळाला. त्यातली माकारेना सान्चेस ही मुलगी आधीच्या क्लबाने काढून टाकल्यावर, आम्ही कामगार आहोत, आम्हाला हक्क आहेत, असं म्हणून कायद्याची लढाई लढत होती. धमक्याही सोसल्या तिने. आणि 1 जुलैला बोएदोच्या जमिनीचा ताबा क्लबाला मिळाला. सुमारे चाळीस वर्षांनी. सगळी जागा नाही, कारफूरला रस्त्याच्या बाजूला थोडी जागा ठेवून दुकान छोटं करावं लागलं, असा समझोता. पण चावी आली. त्या रात्री माणसं तिथे गेली, जमिनीवर बसली, काहींनी जमिनीला ओठ लावले. ज्यांना बापाने खांद्यावर बसवून आणलं होतं ती माणसं आता स्वतः आजोबा झालेली.

भाचा म्हणाला, "मावशी, अजून स्टेडियम झालेलं नाही तिथं." मला खरंच वाईट वाटलं. एवढं करून? क्लबाच्या तिजोरीची रड पुन्हा सुरू आहे, पदाधिकाऱ्यांची भांडणं आहेत. 1979 ला जे दुखणं होतं त्यातलं अर्धं घरचंच होतं, ते काही बरं झालेलं नाही. सामने आजही बाखो फ्लोरेसलाच होतात. नव्या मैदानाला पोप फ्रान्सिस यांचं नाव द्यायचं ठरलं आहे, ते हयात असतानाच ठरलं होतं. मैदान उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं नाही.

भाचा परत निघाला त्या दिवशी मी त्याला म्हटलं, आजीच्या माहेरच्या गावावरूनच तुझी बस जाते, दहा मिनिटं उतर आणि त्या कॉम्प्लेक्सचा फोटो पाठव. त्याने पाठवला. खाली मोबाइलचं दुकान, वर क्लासेसची पाटी. मी त्याला फोन करून विचारलं, डाव्या अंगाला बघ, कडुनिंब आहे का? तो म्हणाला, आहे. मग त्याच्या मागे आड होता, म्हटलं. तिथला सातबारा कुणाच्या नावावर आहे, तेवढं पुढच्या खेपेला काढून आण.